स्पीकर तुमचा, कान आमचे

मोबाइलच्या शिष्टाचारावर आपल्याकडे दोन प्रकारची भाषणं ऐकायला मिळतात. पहिलं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्रमुख पाहुणे देतात : आजची पिढी मोबाइलमध्ये मान घालून बसली आहे, तिला समोरचा माणूस दिसत नाही, संस्कार संपले. दुसरं भाषण त्याच गावात, पण पानटपरीवर मिळतं : अरे बाप्पा, आपण वऱ्हाडी माणसं, आपला आवाजच मोठा, हे हळू बोलायचे चोचले पुण्या-मुंबईवाल्यांचे. मला ही दोन्ही भाषणं खोटी वाटतात. पहिल्यात दोष भलत्याच माणसाच्या माथी मारलेला असतो आणि दुसऱ्यात दोषालाच गुण म्हटलेलं असतं. दोन्ही ऐकून टाळ्या वाजवणारा माणूस बसमध्ये बसतो, फोन काढतो, स्पीकर चालू करतो. आणि त्याला कोणीच काही म्हणत नाही.

कोणीच काही का म्हणत नाही, यावर मला बोलायचं आहे.

माझं घर अकोल्यात आणि नोकरी अमरावतीत. म्हणजे मी अप-डाउन करणाऱ्यांपैकी. कधी एसटी, कधी रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नाव लागलं, ते तुम्ही वाचलं असेल. रस्ता चांगला झाला, गाडीचा खडखडाट कमी झाला, आणि इतकी वर्षं खडखडाटात बुडणारे फोन आता शेवटच्या सीटपर्यंत नीट ऐकू येतात.

बोरगाव मंजू येईपर्यंत गाडीत किमान तीन स्पीकर चालू झालेले असतात. एकावर कीर्तनाचा तुकडा, एकावर कोणत्या तरी नेत्याचं भाषण, एकावर तो ठरलेला हसण्याचा आवाज, जो सगळ्या विनोदी रील्सना एकाच कारखान्यातून पुरवल्यासारखा असतो. हे फोन कोणाच्या हातात असतात? गॅदरिंगमधल्या पाहुण्यांनी एकदा माझ्यासोबत यावं. कॉलेजची पोट्टी बहुतेक वेळा कानात काहीतरी खुपसून बसलेली असतात. अभ्यासिकेत जाणाऱ्यांना तर शांततेची सवयच लागलेली असते, कारण तिथं खुर्ची सरकवली तरी चार जण वळून बघतात. स्पीकर लावणाऱ्यांत मला जास्त दिसतात ते चाळिशी-पन्नाशीचे, खिशाला पेन लावलेले, गावात मान असलेले गृहस्थ. पोरं अगदी निर्दोष आहेत असं नाही. चौघं एकत्र बसली आणि गेम सुरू झाला की तीही डबा डोक्यावर घेतात. पण ‘तरुण पिढी’ असं बोट दाखवून हा विषय संपत नाही. तो वयाचा नाहीच.

आता दुसरं भाषण. आपला आवाज मोठा आहे, हे खरं. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारायची तर आवाज मोठाच लागतो. आपल्या बोलण्यात ‘अबे’ आणि ‘जी’ एकाच वाक्यात नांदतात. पण या मोठ्या आवाजाचं एक वैशिष्ट्य होतं, ते आपण सोयीस्कर विसरतो. वऱ्हाडातल्या गाडीत अनोळखी माणूस शेजारी बसला की पहिला प्रश्न यायचा, ‘कुठचे जी तुम्ही?’ मग कापसाला काय भाव मिळाला, सोयाबीन किती झालं, पोरगी कुठं दिली, असं करत मूर्तिजापूर येईस्तोवर दूरचं नातं निघायचं. गलका होता, पण त्या गलक्यात शेजारचा माणूस सामील होता. त्याला मध्ये बोलता यायचं, ‘खोटं सांगून राह्यले तुम्ही’ असं म्हणता यायचं, आणि नको असेल तर खिडकीकडे तोंड करून तो विषय तोडता यायचा.

स्पीकरवरच्या फोनमध्ये यातलं काहीच नाही. समोरचा माणूस भावाशी प्लॉटच्या वाटणीवरून भांडतो आहे, पलीकडून भावजय काय म्हणते तेही मला ऐकू येतं आहे, दोघांपैकी कोण बरोबर याबद्दल माझं मतही तयार झालं आहे. पण ते मी बोलून दाखवलं तर तो माणूस चिडेल : ‘आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही कायले पडता?’ म्हणजे ऐकायचं मी, पण बोलायचं नाही. अशी ऐकून घेण्याची सक्ती आपण पूर्वी फक्त मालकाची सहन करत होतो. त्याला मोकळेपणा म्हणू नका. मोकळेपणात समोरच्यालाही मोकळीक असते.

ही सवय आली कुठून, हे पाहायला थोडं मागं जावं लागेल. तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीडी बूथ पाहिलेला नसेल. बसस्टँडच्या बाहेर पिवळी पाटी, आत काचेची छोटी खोली, तिच्यात टेलिफोन आणि डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर. रात्री दर उतरायचे, म्हणून रात्री रांग लागायची. पण रांग खोलीच्या बाहेर. आत गेलेला माणूस आधी दार लावून घ्यायचा आणि मग नंबर फिरवायचा. ते दार दोघांसाठी होतं. आतल्याचं खासगी बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून, आणि बाहेरच्याला ते ऐकायला लागू नये म्हणून. शिष्टाचार कोणी शिकवला नव्हता, तो सुतारानंच करून दिला होता.

भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतरची काही वर्षं मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास खर्च यायचा आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. मिस्ड कॉल ही आपली खास भाषा त्यातूनच जन्मली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटाही जवळपास फुकट झाला. हे सगळं चांगलंच झालं. दर्यापूरच्या पुढच्या खेड्यातल्या आईला पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या पोराचा चेहरा रोज दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण एक गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. इतकी वर्षं आपण फोनवर कमी आणि हळू बोलत होतो ते संस्कारांमुळे नव्हे, बिलाच्या भीतीनं. बिल गेलं, काचेची खोलीही गेली. त्यांची जागा आपण स्वतःच्या विचारानं भरायला हवी होती. ती अजून रिकामीच आहे.

‘एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसता?’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. त्याचं उत्तर माझ्या स्वभावात नाही, कानात आणि मेंदूत आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष देऊन करायचं काम करताना दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर फारसं बिघडत नाही, पण फोनवरच्या एकाच माणसाचं अर्धं संभाषण ऐकू आलं की काम बिघडतं, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. अर्ध्या संभाषणात अंदाज चुकत राहतो, आणि मेंदू ते सोडून देऊ शकत नाही. म्हणजे शेजारच्याचा फोन ‘ऐकू नका ना मग’ असं म्हणणं हे ‘खाज येऊ देऊ नका’ असं म्हणण्यासारखं आहे.

फोनवर माणूस ओरडतो यालाही कारण आहे. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधून आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत यायचा, त्यामुळे आपण किती जोरात बोलतो ते कळायचं. मोबाइल स्पीकरवर टाकला की ते परत येणं बंद होतं. त्यात आजूबाजूला गलबला असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. एक जण ओरडतो म्हणून दुसरा ओरडतो, दुसऱ्यामुळे पहिला आणखी. शिवाय फोनचा चिमुकला स्पीकर खर्ज काढूच शकत नाही. तो काढतो ते मधले आणि वरचे सूर, आणि माणसाचा कान नेमक्या त्याच सुरांना सर्वांत हळवा असतो. ढोल दूर गेला की विरतो, फोनचा आवाज टोचत राहतो.

मला हे सगळं माफ करता आलं असतं, जर लोकांना खरोखरच कळत नसतं. पण त्यांना कळतं. बसमध्ये स्पीकर लावणारे हेच गृहस्थ साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना दाराशीच फोन सायलेंटवर टाकतात. व्याह्यांच्या घरी बैठकीला गेले की फोन खिशात. परवानगी न विचारता एक बोट बरोबर त्या बटणावर जातं. म्हणजे शिष्टाचार येतो, चांगला येतो. तो फक्त वरच्या दिशेनं जातो. ज्याच्याकडून काम आहे त्याच्यासमोर शांतता, आणि ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्या कानावर स्पीकर.

हाच नियम खिडकीच्या पलीकडेही चालतो. एका कार्यालयात मी पाऊण तास रांगेत होते. माझ्या पुढं एक शेतकरी होते, हातात सातबारा आणि अर्जाची घडी, आदल्या दिवशीही येऊन गेलेले. खिडकीमागचे साहेब फोनवर होते. काम होतं का? तर नाही, कोणाच्या तरी लग्नाच्या जेवणात काय चांगलं होतं, याची चर्चा चालली होती. शेतकरी उभे. दहा मिनिटांनी त्यांच्याच खिशातला साधा फोन वाजला, तेव्हा साहेबांनी स्वतःचा फोन कानापासून जरासा दूर करून सांगितलं, ‘ओ काका, फोन बाहेर जाऊन बोला.’ आणि काका रांग सोडून बाहेर गेले. मोबाइलच्या शिष्टाचारावर लेख लिहिणारे कायम बस आणि थिएटरबद्दल लिहितात. माझ्या मते या देशातली मोबाइलची सर्वांत मोठी असभ्यता खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली आहे. ती हळू आवाजात बोलते, म्हणून तिच्यावर कोणी लिहीत नाही.

आणि बाईचं काय? १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायका-मुली कितीतरी वाढल्या. कॉलेजला, कामाला, माहेरी. चांगलंच झालं. पण खिडकीशी बसलेल्या मुलीच्या शेजारी येऊन बसलेला माणूस जेव्हा दोन अर्थांचे विनोद स्पीकरवर लावतो, एक संपला की दुसरा, आणि मधूनच तिच्याकडे बघून हसतो, तेव्हा तो ‘मोबाइल बघतो आहे’ एवढंच म्हणून सोडून देता येत नाही. हात लावला असता तर तिनं आरडाओरडा केला असता, लोकांनी साथही दिली असती. आवाजाला ती काय करणार? मी अशा वेळी ‘आवाज कमी करा’ म्हटलं आहे. मिळालेलं उत्तर : ‘एवढाच त्रास होतो तर स्वतःची गाडी करून जा ना.’ आजूबाजूचे दहा-बारा लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. त्या उत्तराचा मला राग आला नाही, तेवढा त्या चपलांकडे बघण्याचा आला.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. शिष्टाचाराच्या नावाखाली गरिबाला गप्प बसवण्याचा आपल्याकडे जुना धंदा आहे. दिवसभर कापूस वेचून, किंवा चौकात हमाली करून घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात तेवढीच एक करमणूक आहे. घरी टीव्ही नाही, वेगळी खोली नाही. तुम्ही महागडे इअरबड घालून त्याला सभ्यता शिकवणार?

याचं माझं उत्तर असं. पहिली गोष्ट, त्या गाडीत त्याच्याइतकंच थकलेलं दुसरं माणूस बसलेलं आहे. ते वेचणीवरूनच परत चाललं आहे आणि त्याला डोळे मिटायचे आहेत. गरिबाच्या बाजूनं बोलताना ऐकणारा गरीब विसरायचा नाही. दुसरी गोष्ट, गरज आणि बेफिकिरी यांत फरक करता येतो. म्हातारी आजी फोन ताटलीसारखा तोंडासमोर धरून ओरडते, कारण तिला ऐकू कमी येतं. एखादी ताई व्हॉइस मेसेज मोठ्यानं ऐकते, कारण तिला मेसेज वाचता येत नाही. स्टँडवरून पोराला ‘पोचले रे बाबा’ म्हणून सांगणारी माय दोन मिनिटांत फोन ठेवते. या कोणाचाच आवाज मला आजवर खटकलेला नाही, कोणाला खटकू नये. जिथं दुसरा मार्ग नाही तिथं सहन करणं हाही शिष्टाचारच आहे. पण ज्याच्याकडे दुसरा मार्ग आहे, वायरचे इअरफोन स्टँडवर शंभराच्या आत मिळतात, आवाज कमी करायला तर एक पैसाही लागत नाही, त्यानं गरिबीची ढाल पुढं करू नये. खिशाला पेन लावलेल्या गृहस्थांनी तर मुळीच नाही.

आवाजाहून मोठा गुन्हा कॅमेऱ्याचा आहे. आवाजानं डोकं दुखतं, कॅमेऱ्यानं माणूस उघडा पडतो. महामार्गावर अपघात झाला की हल्ली पाण्याच्या बाटलीआधी फोन बाहेर येतात. रक्तात पडलेल्या माणसाच्या घरी बातमी पोचायच्या आधी त्याचा व्हिडिओ दहा ग्रुपवर पोचतो. विचारलं तर म्हणतात, ‘मदत करायला गेलं तर पोलीस मागं लागतात.’ हे आता खरं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. ज्या फोनवर तुम्ही रेकॉर्ड दाबता त्याच फोनवर १०८ लागतो, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लागतो. तीन आकडे दाबायला रेकॉर्डिंगपेक्षा कमी वेळ लागतो.

आणि आपल्या भागाची ती दुसरी जखम. ज्या घरात कर्जापायी माणसानं जीव दिला, त्या घरी सांत्वनाला जाणाऱ्यांच्या हातातही फोन असतात. पुढारी येतात, त्यांच्यामागं चार जण शूटिंग करत येतात. ओसरीवर बसलेल्या बाईला ‘जरा इकडं बघा ताई’ म्हणून सांगितलं जातं. तिच्या डोक्यावरचा पदर, तिच्या मांडीवरचं लेकरू, मागची भिंत, सगळं गावभर फिरतं. चेक किती रुपयांचा दिला ते दिसेल अशा बेतानं धरलेला. वऱ्हाडात यापेक्षा असभ्य दृश्य मला माहीत नाही, आणि यावर कोणत्याही गॅदरिंगमध्ये भाषण होत नाही, कारण प्रमुख पाहुणे त्या फोटोत असतात.

मग नियम करा, असं कोणी म्हणेल. नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद आहे. रेल्वेनं २०२२ च्या जानेवारीत रात्री दहानंतर मोठ्यानं बोलण्यावर आणि इअरफोनशिवाय गाणी वाजवण्यावर बंधन आणलं. २०२३ मध्ये एसटीनं, आणि पाठोपाठ मुंबईत बेस्टनं, गाडीत स्पीकरवर मोबाइल वाजवू नये असं काढलं. नाटकवाल्यांचं तर विचारू नका. २०१९ साली सुमीत राघवन यांनी नाशिकला ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग फोन वाजला म्हणून मध्येच थांबवला, सुबोध भावे यांनी हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं सोडतो अशा अर्थाचं जाहीर लिहिलं, आणि मुंबई महापालिकेत नाट्यगृहांत जॅमर बसवण्याचा ठराव आला. जॅमर म्हणजे प्रेक्षकांतल्या डॉक्टरचा फोनही बंद. चार जणांना बटण दाबवत नाही म्हणून चारशे जणांचा फोन मारून टाकायचा.

जपानमध्ये फोनच्या सायलेंट मोडला ‘मॅनर मोड’ म्हणतात, आणि लोकलमध्ये शिरताना तो लावायचा हे लहान मुलालाही ठाऊक असतं. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरकडे एक तिकिटाचं मशीन आहे, सुट्ट्यांचं भांडण आहे, अर्ध्या तिकिटाची आधारकार्डं तपासायची आहेत. तो पन्नास फोन कधी बंद करणार? नियम कागदावर असतो. तो अमलात आणणारा माणूस शेजारच्या सीटवर बसलेला असतो, आणि तो चपलेकडे बघत असतो.

‘आपल्या लोकांना शांत बसणं जमतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा गुरुकुंज मोझरीला जावं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथं मौन श्रद्धांजली होते. अमरावतीपासून थोड्याच अंतरावर, महामार्गाला लागून, खेड्यापाड्यांतून आलेला प्रचंड जनसमुदाय उभा असतो. तेच आपण, तेच मोठ्या आवाजाचे, तेच खिशात फोन असलेले. आणि त्या क्षणी पाखराचा आवाज ऐकू येतो. तिथं जॅमर नाही, दंड नाही. शेजारचा गप्प आहे म्हणून मी गप्प, आणि मी गप्प आहे म्हणून शेजारचा.

गाडगेबाबाही इथलेच. १८७६ साली शेंडगावला जन्मले, १९५६ मध्ये वलगावजवळ गेले, समाधी अमरावतीत आहे. आपल्या विद्यापीठाला नाव त्यांचं आहे, चौकात पुतळा त्यांचा आहे. गावात गेले की ते आधी हातात खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांची रीत मला या बाबतीत फार उपयोगाची वाटते. रस्ता कोणाचाच नाही, म्हणून त्यावर काहीही टाकायला हरकत नाही, असं लोक समजत होते. बाबा म्हणत होते की तो सगळ्यांचा आहे, म्हणून झाडायचा. गाडीतली हवासुद्धा सगळ्यांची असते. तिच्यात स्पीकरवरून जे सांडतं तो कचराच आहे, आणि आपल्याला कोणाच्या तरी खराट्याची वाट बघायची सवय लागली आहे.

खराटा म्हणजे काय, ते मी एका रात्री पाहिलं. नात्यातल्या एका आजारी बाईसोबत मी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात होते. अकरा वाजून गेलेले. दोन खाटा पलीकडच्या माणसाच्या नातेवाइकांना संध्याकाळीच डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आशा नाही. मुलगा भिंतीला टेकून बसलेला. आणि दाराजवळ एक तरुण खाली सतरंजीवर रील्स बघत होता, तेच ते हसणं, पुन्हा पुन्हा. सिस्टर दोनदा जाऊन-येऊन गेली, काही बोलली नाही. वॉर्डातले तीस-चाळीस जण ऐकत होते. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं खाटेवरून पाय खाली सोडले, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘बाबू, आवाज बंद कर रे. तिकडं एक माणूस चाललं आहे.’ पोरगा ताडकन उठून बसला. ‘हो मावशी, ध्यानातच नाही आलं माह्या.’ फोन खिशात. थोड्या वेळानं तोच पोरगा त्या भिंतीजवळच्या मुलासाठी चहा घेऊन आला.

तो वाईट मुलगा नव्हता. तीस-चाळीस जणांनी त्याला सांगितलं नव्हतं, एवढंच. आपण सगळे मनात शिव्या घालत होतो, आणि मनातल्या शिव्यांनी आजवर कोणाचाही स्पीकर बंद झालेला नाही.

म्हणून तुमच्याकडे, म्हणजे हा लेख फोनवरच वाचत असलेल्या तुमच्याकडे, माझं मागणं इअरफोन विकत घ्या एवढंच नाही. ते तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहेतच, आणि कानात बोळे घालून बसणं हा तुमचा बचाव झाला आहे. शेजारी काय चाललंय ते तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला बोलावंही लागत नाही. तुम्ही स्वतःपुरते सभ्य झालात. पलीकडच्या सीटवरच्या म्हातारीकडे आणि खिडकीशी अंग चोरून बसलेल्या मुलीकडे इअरबड नाहीत. तिच्यासाठी कधीतरी एक कान मोकळा ठेवा, आणि बोला.

कसं बोलायचं, त्यासाठी आपल्या बोलीत सगळी सोय आहे. दात-ओठ खायची गरज नाही, ‘मॅनर्स नाहीत का’ असं इंग्रजीही फेकू नका, त्यानं माणूस हट्टाला पेटतो. ‘काका, जरा आवाज कमी करता काय जी?’ एवढं पुरतं. दहातले बरेच जण करतात. जो करणार नाही, त्याला दुसऱ्यानं सांगायचं, मग तिसऱ्यानं. एकट्या मुलीनं सांगितलं की ती आगाऊ ठरते, पाठोपाठ मागच्या सीटवरून ‘हो ना भाऊ, करा ना कमी’ आलं की ती गाडीची रीत ठरते. खिडकीमागच्या साहेबांनाही हेच : ‘साहेब, काका केव्हाचे उभे आहेत.’ आणि अपघाताच्या जागी व्हिडिओ काढणाऱ्याला : ‘दादा, तो ठेव, इकडून पाय धर.’

हे बोलायला आवाज लागतो. तो तर आपल्याकडे भरपूर आहे, असं आपण सगळ्यांना सांगत फिरतो. मग तो फक्त फोनवरच का चढतो, राजेहो?